सकाळी सातच्या दोन घंट्या

४ मार्च

चि. काट्या,

अनेक आशीर्वाद. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहिताना पेन अडखळतं, पण तू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेस आणि राहणार, त्याला माझा इलाज नाही.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्न ठरलेलं नाही. मला फक्त एवढंच सांग, तू धडधाकट आहेस ना? आज नऊ दिवस झाले, सकाळी सातला तुझ्या दोन घंट्या आलेल्या नाहीत. नियम तूच घातलास. तुझी बायको गेली त्या वर्षी तू म्हणालास, ‘ताई, रोज काय बोलायचं? मी दोन घंट्या देऊन ठेवीन, म्हणजे समज उठलो, ठीक आहे. पाच मिनिटांनी तू दोन दे, म्हणजे मला कळेल की तुला कळलं. उचलायचं नाही. तिसरी घंटी झाली तर मात्र उचल, कारण मग काहीतरी बिघडलेलं असेल.’ बारा वर्षं झाली. तिसरी घंटी कधी झाली नाही आणि दोन कधी चुकल्या नाहीत. माझ्या दोन मी मात्र रोज देतेच आहे. म्हणून विचारते. रागावलास का?

रागवायला कारण आहे असं मला वाटत नाही, पण तुझं काही सांगता येत नाही. मागे मी तुझ्या भिंतीवरच्या घड्याळाला ‘मागे पडतंय’ म्हटलं तर तू तीन महिने बोलला नव्हतास.

आमच्याकडची बातमी म्हणजे तुझ्या भाच्याने घरातला फोन बदलला. जुन्या तारेत सारखी खरखर यायची हे खरं आहे. पण म्हणून तार कापून टाकायची? कंपनीचा माणूस आला, पक्कड काढली, कट्. एकतीस वर्षं मी ज्या तारांवर पोट भरलं त्यातली शेवटची तार माझ्या डोळ्यांदेखत कापली आणि वर मला म्हणतो, ‘आजी, चहा मिळेल का?’ आता दिवाणखान्यात एक पांढरा डबा बसलाय. त्यावर चार हिरवे दिवे दिवसभर डोळे मिचकावतात. फोन त्या डब्याला जोडलाय आणि बोलणं म्हणे इंटरनेटवरून जातं. नंबर तोच. कुठेही बोला, वेगळे पैसे नाहीत. आवाज स्वच्छ. घरचा फोन भाच्याला त्याच्या मोबाईलवरही घेता येतो, कोण बोललं, किती वाजता, सगळी यादी तिथे दिसते. हे सांगताना त्या माणसाचा चेहरा असा खुलला होता की जणू त्यानेच शोध लावलाय.

मी विचारलं, वीज गेली तर? ‘तर मग बंद.’ इंटरनेट बिघडलं तर? ‘तरी बंद.’ जुना फोन घर अंधारात बुडालं तरी चालायचा. त्यावर तो हसला आणि म्हणाला, ‘आजी, वीज जाते कुठे हल्ली?’

मला या प्रकरणात कुठेतरी पाणी मुरताना दिसतंय. फोनवर विचारलं असतं, पण डबा दिवाणखान्यात आणि यादी चिरंजिवांच्या खिशात. कनेक्शन जोडून देऊन गुपचूप ऐकत बसणाऱ्या बायका मी एक्स्चेंजमध्ये पाहिल्या आहेत. एकदोनदा मीही बसले आहे, खोटं कशाला बोलू! म्हणून पत्र.

उलट टपाली लिही.

तुझी ताई


९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. मी धडधाकट आहे. रागावलोही नाही. निदान तुझं पत्र येईपर्यंत रागावलो नव्हतो.

नऊ दिवस घंट्या आल्या नाहीत म्हणतेस? मी रोज देतो. सातच्या ठोक्याला उठून, तोंडही न धुता, स्टुलावरचा फोन घेतो, तुझा नंबर फिरवतो. कानात पहिली घंटी ऐकतो, दुसरी ऐकतो आणि ठेवतो. घड्याळं दुरुस्त करून म्हातारा झालेला माणूस दोनपर्यंत मोजायला चुकेल असं तुला वाटत असेल तर तसं लिही.

चुकलीस तूच. तुझ्या घंट्या बंद झाल्यात. मला वाटलं, ताईला कंटाळा आला. बारा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. मग वाटलं, भाच्याने सांगितलं असेल की हे काय पोरखेळ चालवलेत. मी मनात ठेवलं, बोललो नाही. कधीकधी सात वाजून पाच मिनिटांनी फोन अर्धवट ‘टिंग’ करतो आणि गप्प बसतो. पूर्ण घंटीही नाही. मी वाट बघत उभा राहतो आणि मग दात घासायला जातो.

आता तू म्हणतेस की तू रोज देतेस आणि मी देत नाही. मी म्हणतो मी रोज देतो आणि तू देत नाहीस. आपल्या दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय किंवा आपल्या दोघांच्या मध्ये कुणीतरी बसलंय. तू खोटं बोलत नाहीस, लहानपणी माझ्या चुगल्यासुद्धा खऱ्याच करायचीस. मग मध्ये कोण?

ती यादी तू स्वतः बघ. सुनेला गोडीत घे. तुझ्या चिरंजिवांना विचारू नकोस.

बाकी इकडे ठीक. दुकान आता सकाळचंच उघडतो. तीन जिने चढायला थोडा वेळ लागतो, पण मला कुठे गाडी गाठायचीय?

तुझा
काट्या


१४ मार्च

चि. काट्या,

आशीर्वाद. बसून वाच.

काल तुझा भाचा अंघोळीला गेला आणि मोबाईल टेबलावर राहिला. सूनबाई निघायच्या घाईत होती. दवाखान्यात रक्ताच्या बाटल्या तिची वाट बघत असतात ना! मी म्हटलं, ‘अगं, घरच्या फोनची ती यादी म्हणतात ती कशी असते गं? मला म्हातारीला काय कळतंय.’ दाखवली बिचारीने, मनात काही न ठेवता. काट्या, यादीत तू आहेस. रोज. सात वाजता, सात वाजून एक मिनिट, सात वाजता. प्रत्येक दिवशी. समोर लाल बाण आणि ‘उत्तर दिले नाही’.

म्हणजे तुझा फोन आमच्या घरापर्यंत येतोय. आणि मी सातला त्या डब्यापासून चार पावलांवर चहा गाळत उभी असते. घंटी वाजत नाही! तशी ती बाकी वेळी वाजते. सूनबाईच्या आईचा फोन आला की घर दणाणतं. फक्त तुझीच वाजत नाही.

मी सूनबाईला विचारलं, ‘एखाद्याच माणसाचा फोन आला तर घंटी बंद ठेवता येते का?’ ती म्हणाली, ‘येते की आई, मोबाईलवरून सगळं करता येतं. नको असलेले नंबर गप्प करता येतात.’ नको असलेले!

आणि दुसरं. हे लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. त्याच्या टेबलाच्या खणात कात्री शोधताना मला एक फॉर्म सापडला. वृद्धनिवासाचा. वर तुझं नाव, वय, पत्ता, त्याच्या अक्षरात भरलेला. सहीची जागा मोकळी आहे.

मागे तो म्हणाला होता की मामाने तीन जिने चढून एकट्याने राहणं बरं नाही. तू त्याला जे काही बोललास ते मला आठवतं. त्यानंतर त्याने विषय काढला नाही. मला वाटलं, विसरला. आता मला उलगडा होतोय. माझ्या घंट्या तुला पोचायच्या नाहीत, तुझ्या मला पोचायच्या नाहीत, तू एकटा पडलास की आपोआप सही करशील. माझ्या पोटच्या पोराबद्दल हे लिहिताना मला काय वाटतंय ते मी लिहीत नाही.

तोंडावर तो इतका गोड वागतो. काल माझ्या चष्म्याची काडी नीट करून दिली.

तू काय म्हणतोस?

ताई


१९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी प्यायलो, खाली जाऊन शिंपीणबाईंच्या दुकानात दहा मिनिटं बसलो, मग वर येऊन परत वाचलं.

मी याच खोलीत राहणार. ही बाब तुझ्या चिरंजिवांना कळलेली नाही असं दिसतं. या खिडकीत माझं टेबल आहे. उजेड डावीकडून येतो, भिंग उजव्या डोळ्याला, पायाखाली ती फळी. इथे बसून मी आजही बायकांच्या मनगटी घड्याळाचं चक्र बसवतो. वृद्धनिवासात मला काय बसवायला देणार? कॅरम? मला तिथे नेऊन ठेवलं तर मी आठवड्याभरात मरेन, आणि हे मी रागाने लिहीत नाहीये, विचार करून लिहितोय.

म्हणून तुला एक सांगतो. भाच्याशी भांडू नकोस. ताकास तूर लागू देऊ नकोस. जुना फोन तू टाकून दिला नसशीलच, मला माहीत आहे, तू तुटलेला चिमटासुद्धा ठेवतेस. कुणी घरी नसेल तेव्हा त्या डब्याच्या तारा काढ आणि जुना फोन भिंतीतल्या जुन्या जागी जोड. कापलेली तार सोलून पुन्हा जोडायला तुला काय कुणी शिकवायला हवंय? एकतीस वर्षं तारांतच काढलीस. लाईन आत अजून जिवंत असेल तर बोलेल.

प्रकृती उत्तम. परवा एक बारीक स्क्रू हातातून दोनदा पडला, पण तो स्क्रूच तसला होता.

काट्या


१० एप्रिल, हॉस्पिटल, खाट नंबर सात

ताई,

अक्षर वाकडं आहे कारण मी आडवा आहे.

२८ मार्चला काय झालं ते शिंपीणबाईंनी तुझ्या मुलाला कळवलं, पण माझ्या तोंडून ऐक. सकाळी घंट्या देऊन झाल्यावर मोरीत पाय सरकला. सरकला म्हणजे काय, डोकं गरगरलं आणि मी खाली. खुब्याच्या हाडाला तडा गेला. मी फरशीवर सरपटत स्टुलापर्यंत गेलो, वायर ओढून फोन खाली पाडला आणि तुला फोन केला. पावणेआठपासून करत होतो. एकदा नाही, दहा-बारा वेळा. कुणी उचललं नाही. मग दहाच्या सुमारास तर फोनमधली बाई सांगायला लागली, ‘या क्रमांकाशी संपर्क होऊ शकत नाही.’ एकच वाक्य, गोड आवाजात, प्रत्येक वेळी. दुपारी एकला शिंपीणबाई माझी पँट आखूड करून वर घेऊन आल्या तेव्हा मी सापडलो. साडेपाच तास, ताई. फरशी फार गार असते.

तुझा मुलगा दुसऱ्या दिवशी हजर झाला. नऊ तास बसने आला, हे कबूल. खाटेशी उभा राहून माझा हात धरायला लागला. मी त्याला विचारलं, ‘आधी गप्प केलास, मग तोडूनच टाकलास ना फोन? खणातल्या त्या फॉर्मवर सही हवी म्हणून?’ तो काही बोलला नाही. एक अक्षर नाही! मान खाली. माणूस निर्दोष असेल तर काहीतरी बोलतो. मी नर्सला सांगितलं, या गृहस्थांना बाहेर न्या. चार दिवस तो बाहेरच्या बाकावर बसून होता म्हणे. औषधं आणून नर्सच्या हातात द्यायचा. मी आत येऊ दिलं नाही.

डॉक्टर म्हणतात, आता एकट्याने राहता येणार नाही. म्हणजे तुझ्या मुलाचं काम झालं. मी सही करणार नाही. तुझ्याशी माझा राग नाही, पण त्या डब्यावर मी एक शब्द बोलणार नाही, म्हणून फोन करू नकोस.

काट्या


१६ एप्रिल

आदरणीय मामा,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही माझं पत्र वाचाल की नाही माहीत नाही. शिंपीणबाईंना सांगितलंय, निदान उघडून तुमच्या समोर धरा.

२८ तारखेला आमच्याकडे सकाळी साडेनऊपासून दुपारी साडेचारपर्यंत इंटरनेट बंद होतं. कंपनीकडे काहीतरी बिघाड होता. इंटरनेट नसलं की हा फोनही नसतो, हा या फोनचा मोठा दोष आहे. तो मला आधी कळायला हवा होता. स्वस्त पडतो, आवाज चांगला येतो, एवढंच बघून मी घेतला. चूक माझीच आहे. आता डब्याला वेगळी बॅटरी बसवलीय, वीज गेली तरी चार तास चालेल.

तुमचा नंबर मी कधीही गप्प केलेला नाही. यावर तुमचा विश्वास बसणार नाही, तरी लिहितो. फॉर्म मात्र खरा आहे. तुम्ही जिन्यात बसून धापा टाकताना मागच्या वेळी मी पाहिलं होतं. घाबरून भरला आणि तुमच्यासमोर ठेवायचं धाडस झालं नाही.

आईला काही विचारू नका. ती नीट जेवत नाही.

आपला
भाचा


२३ एप्रिल

चि. काट्या,

तुझ्या भाच्याच्या पत्राची नक्कल त्याच्या टेबलाच्या खणात होती, मी वाचली. हो, परत खण उघडला. मला लाज उरलेली नाही असंच समज आणि पुढचं वाच.

कंपनीकडे काही बिघाड नव्हता. तो खोटं लिहितोय, आणि माझ्यासाठी लिहितोय.

२८ तारखेला नऊला दोघंही कामावर गेले. साडेनऊला मी दार लावून घेतलं, जुना काळा फोन माळ्यावरून काढला आणि डब्याच्या चारही तारा उपसल्या. भिंतीतली कापलेली तार सोलली, जोडली, कानाला लावलं. काही नाही. नुसती शांतता. ती लाईन कधीच मेली होती. मग डब्याच्या तारा परत लावायला गेले तर कुठली कुठे ते समजेना. चार भोकं, चारही सारखी दिसतात. मी, एक्स्चेंजच्या बाराशे भोकांच्या बोर्डावर डोळे मिटून दोरी लावणारी बाई, चार भोकांपुढे सात तास बसून राहिले. साडेचारला सूनबाई आली आणि तिने दोन मिनिटांत लावलं. मी तिला सांगितलं, झाडताना निघाल्या. आणि तू तेव्हा फरशीवर होतास.

त्या यादीत हेही येतं रे. डबा किती वाजता बंद झाला, किती वाजता सुरू झाला. माळ्याची शिडी भिंतीला तशीच होती, जुना फोन खुर्चीवर. तुझ्या भाच्याला पहिल्याच संध्याकाळी सगळं कळलं असणार. तो मला एका शब्दाने बोलला नाही. तुझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला तो त्याचा दोष म्हणून नाही, माझं नाव तोंडातून निघू नये म्हणून. मी त्याला चोर समजून खण धुंडाळत होते आणि तो मला पाठीशी घालत होता. काट्या, मला स्वतःच्या तोंडाकडे आरशात बघवत नाही. त्याला मी काल सगळं बोलले. तो म्हणाला, ‘जाऊ दे आई, जेव आता.’

आता घंट्यांचं ऐक. मला झोप नव्हती, म्हणून जे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते परवा सकाळी केलं. तुझ्या भाच्याचा मोबाईल घेतला, गॅलरीत गेले, त्याला डब्याशी उभं केलं आणि सांगितलं, घंटी वाजली की हात वर कर. मी घरचा नंबर लावला. माझ्या कानात पहिली घंटी. त्याचा हात खाली. दुसरी घंटी. हात खालीच. तिसरी सुरू झाली तेव्हा त्याने हात वर केला! वीस वेळा केलं. वीसही वेळा तसंच. आमच्या एक्स्चेंजमध्ये कानातली घंटी आणि घरातली घंटी बरोबर चालायच्या. या डब्यात तसं नाही. फोन करणाऱ्याला बरं वाटावं म्हणून त्याच्या कानात घंटी आधीच वाजायला लागते, आणि तोवर इकडे फोन अजून घर शोधत असतो. तू दोन ऐकून ठेवत होतास, म्हणून आमच्याकडे एकही वाजत नव्हती. मी दोन ऐकून ठेवत होते, म्हणून तुझ्याकडे अर्धी टिंग. कुणी काही गप्प केलं नव्हतं. जगात कुणाचंच यामुळे अडलं नसतं, कारण दोन घंट्या देऊन ठेवणारी माणसं आपण दोघंच!

मी एकतीस वर्षं हेच काम केलं आणि मला संशय आला तो पोराचा, तारेचा नाही.

पण एक गोष्ट मला अजून टोचतेय. मी यादी परत पाहिली, या वेळी त्याच्यासमोर, त्याला विचारून. तुझे फोन पावणेआठपासून आहेत. सात अठ्ठेचाळीस, सात बावन्न, आठ, आठ दहा. साडेनऊच्या आत एकूण अकरा. तेव्हा डबा चालू होता. मी घरात होते, स्वयंपाकघरात, चार पावलांवर. तू जर घंटी वाजू दिली असतीस तर तिसरीला घर दणाणलं असतं आणि मी धावले असते. एकदाही वाजली नाही. अकरा वेळांत एकदाही नाही. हाड मोडून फरशीवर पडलेला माणूस दोन घंट्या देऊन फोन ठेवत नाही, काट्या.

की ठेवतो? खरं सांग. मी माझं सगळं सांगितलंय.

ताई


३० एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला कारण तुझं पत्र मी चार दिवस उशीखाली ठेवून त्यावर झोपत होतो. एक्स्चेंजमध्ये तुला सगळे घाबरायचे म्हणतात ते उगाच नाही.

ठेवतो. ठेवला. अकरा वेळा.

पडल्यावर फोन हातात आला आणि मी नंबर लावला. दोन घंट्या ऐकल्या. आता फक्त धरून ठेवायचं होतं. माझ्या पत्राप्रमाणे तू एव्हाना जुना फोन जोडला असशील असं मी धरून होतो, त्यामुळे तिसरी झाली की तू उचलणार, हे मला माहीत होतं. पण तिसरी म्हणजे काय तेही माहीत होतं. तू भाच्याला सांगणार, भाचा फॉर्म घेऊन येणार, आणि मग खिडकी, टेबल, भिंग, सगळं गेलं. मी ठेवला. म्हटलं, थोडं थांबू, पाय चालेल. मग पुन्हा लावला, दोन घंट्या ऐकल्या, ठेवला. मला वाटत होतं तुझ्याकडे पूर्वीसारख्या दोन वाजतायत आणि तुला वाटेल, हा आज सारखा का देतोय, आणि तूच आपणहून करशील. म्हणजे मी मागितलं असं होणार नाही. तू केला नाहीस. तिकडे वाजतच नव्हतं ना! मला काय माहीत.

खाली शिंपीणबाईंचं मशीन चालू होतं. मोठ्याने हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. तीही मारली नाही.

दहाला मात्र हिंमत सुटली. पाय सुजून भोपळा झाला होता. मी ठरवलं, आता वाजू दे, पाच वाजू दे, दहा वाजू दे. नंबर लावला, तर ती बाई. त्यामुळे तू तारा उपसल्यास म्हणून माझे तीन तास गेले हे खरं आहे. पण त्याआधीचे अडीच माझे मीच घालवले. आणि तारा उपस असं पत्र लिहिणारा कोण होता, तेही मला आठवतंय. तेव्हा तू एकटी रडत बसू नकोस, माझ्या वाटणीचं मला राहू दे.

स्क्रूला दोष दिला होता, तोही मागे घेतो. माझा उजवा हात गेलं वर्षभर थरथरतो. चक्कर पहिली नव्हती, चौथी होती. दोन घंट्या दिल्या की झालं, कुणी पुढे विचारत नाही, म्हणून ती पद्धत मला फार सोयीची वाटायची.

परवा भाचा पुन्हा आला. बाहेरच्या बाकावर जाऊन बसला, सवयीने. मी नर्सला म्हटलं, त्या गृहस्थांना आत आणा. आला. मी त्याचं मनगटी घड्याळ मागितलं, ते चार मिनिटं मागे होतं. म्हटलं, तुझ्या मामाचा भाचा शोभत नाहीस. त्यावर तो एवढा मोठा बाप्या माझ्या चादरीत तोंड घालून रडला. फॉर्म त्याने खिशातून काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘मामा, तुम्ही म्हणाल ते.’ मी फाडला नाही. घडी करून ठेवलाय. आधी काठीने तीन जिने चढून बघतो. शिंपीणबाई म्हणतात त्यांच्या दुकानामागची खोली रिकामी आहे, जिना नाही, आणि खिडकी डावीकडेच आहे. बघू.

उद्या घरी सोडतायत. भाचा सोबत आहे, त्याने येताना तसलाच एक पांढरा डबा आणलाय. मी लावू देणार आहे. माझा त्याच्यावर विश्वास नाही, पण तो तरी माझ्यावर कुठे ठेवतो, सगळं लिहून ठेवतो लेकाचा.

पत्र पोचायला तीन-चार दिवस लागतील, म्हणून पाच मेला सकाळी सातला फोन करतो. वाजू देणार आहे. तू उचलेपर्यंत ठेवणार नाही. काय बोलायचं ते मला माहीत नाही, बारा वर्षांत काही ठरवलेलं नाही. तू चहा गाळून हात पूस आणि उचल.

काट्या